रॅम्प चढायचा तर

आमच्या गाडीचं इंजिन आठशे सीसीचं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली लोक मुलाचा पगार विचारावा तसे गाडीचे सीसी विचारतात आणि आकडा ऐकला की त्यांच्या तोंडावर एक समजूतदार हसू येतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती रिटायर झाल्यावर घेतली. आधी त्यांनी परळच्या गिरणीत कापडाचे साचे, म्हणजे माग, चालवले, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात उरलेली नोकरी केली, आणि मग ही गाडी आणली. आमच्या भावकीतली ती पहिली गाडी. पंधरा वर्षांनी तिचं पुन्हा पासिंग झालं, रंग उडाला, सीटकव्हरं तीनदा बदलली, तरी अप्पा अजून तिला ‘नवी गाडी’च म्हणतात.

या नव्या गाडीला सगळी वर्षं कसलाही त्रास नव्हता. अंधेरी पूर्वेचे रस्ते सपाट, खड्डे सोडले तर. दर रविवारी सकाळी अप्पा आईला शेजारी बसवून पूल ओलांडत आणि वर्सोव्याला मासळी आणायला जात. पुलाच्या चढावर गाडी जरा कण्हायची, मागचे हॉर्न वाजवायचे, अप्पा शांतपणे डावीकडून चालवत राहायचे. घाई असेल त्याने पुढे जावं, असं त्यांचं म्हणणं. मागच्याला पुढे जायला जागा नसायची, पण तो त्याचा प्रश्न होता.

मग आमची चार मजली सोसायटी पाडून बिल्डरने तिथे टॉवर उभा केला. आम्ही भाड्याच्या घरातून परत आलो तेव्हा आमच्या वाट्याला चौदावा मजला आला, गॅलरी गेली, आणि गाडीला पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांपैकी तिसऱ्यावर, हक्काची जागा मिळाली. खांबावर आमच्या फ्लॅटचा नंबर रंगवलेला होता. अप्पा तो नंबर बघायला आईला खास घेऊन गेले. अर्धा जन्म दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत झोपलेल्या माणसाला आता गाडी झोपवायला तेवढी जागा मिळाली होती, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे.

फक्त त्या जागेपर्यंत जायला रॅम्प होता. बिल्डरने जागा वाचवण्याच्या नादात तो असा काही उभा केला आहे की वर जाताना समोरच्या काचेतून रस्ता दिसतच नाही, नुसतं छत दिसतं. एक चढ, मग वळण, मग दुसरा चढ, पुन्हा वळण, मग तिसरा. मोठ्या गाड्या तो चढताना जरा घोगरा आवाज काढतात आणि जातात. आमची गाडी दुसऱ्या वळणानंतर थरथरायची, गचके खायची आणि बंद पडायची.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मागे तीन गाड्या अडकल्या. तिसऱ्यांदा ती बंद पडून वीतभर मागे आली, आणि मागे नेमकी सोसायटीच्या सेक्रेटरींची महिनाभरापूर्वी घेतलेली गाडी होती. टेकली नाही. पण सेक्रेटरींचा चेहरा टेकल्यासारखा झाला.

त्याच आठवड्यात ते घरी आले. आईने चहा केला. ते फार सभ्य गृहस्थ आहेत, म्हणजे समोरच्याची जागा काढून घेताना त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. “काका, तुमच्या काळजीपोटीच सांगतोय,” ते म्हणाले. “या वयात कशाला ही यातायात? गाडी पुन्हा एकदा अडकली ना, तर मला कमिटीपुढे विषय घ्यावा लागेल. पार्किंगसाठी वेटिंगवर लोक आहेत. तुम्ही गाडी बाहेर रस्त्यावर लावा, नाहीतर सरळ…” पुढचा शब्द त्यांनी चहाबरोबर गिळला.

अप्पा म्हणाले, “बरां.”

एवढंच. पण सेक्रेटरी गेल्यावर त्यांनी जेवताना भात परत केला. मला कळलं की आता प्रश्न जागेचा उरलेला नाही. बाहेरच्या रस्त्यावर गाडी लावली की आठवड्याभरात कोणीतरी उचलून नेणार किंवा घासून जाणार, आणि ती गेली की अप्पांचं चालवणं संपणार. माझा भाऊ मुलुंडला राहतो, त्याच्याकडे भलीमोठी ऑटोमॅटिक गाडी आहे. तो कधीपासून मागे लागला होता की अप्पांना तसलीच एक छोटी घेऊ. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. “जी गाडी आपले गिअर आपणच टाकता, तिका माजी काय गरज?”

भावाला मी फोन करून हकिगत सांगितली. त्याने ताबडतोब मोबाइलवर सात-आठ व्हिडिओ पाठवले. छोट्या इंजिनाच्या गाडीतून जास्त ताकद कशी काढावी, या विषयावर जगातले इतके तरुण लोक बोलत असतील याची मला कल्पना नव्हती. सगळ्यांनी टोप्या उलट्या घातल्या होत्या. निम्मे सांगत होते की हा पार्ट बदला, तो पाइप टाका. अप्पांनी पहिल्याच व्हिडिओत हात वर केला. गाडीत एक स्क्रू नवा बसवायचा नाही, आहे तीच चालली पाहिजे, अशी त्यांची अट होती.

उरलेल्या सल्ल्यांप्रमाणे आम्ही कामाला लागलो. चाकांत हवा भरली. ती इतकी कमी निघाली की पंपावरच्या माणसाने माझ्याकडे दयेने पाहिलं. एअर फिल्टर काढला, तो काळाकुट्ट होता. त्यात एक झुरळ मेलेलं होतं. फिल्टर साफ करून घेतला, प्लग साफ करून घेतले, ऑइल बदललं. रॅम्पच्या आधी एसी बंद करायचा, असंही ठरलं. आमचा एसी तसा गेली दोन वर्षं नुसता वारा फेकत होता, पण बंद करताना बरं वाटलं. इतकं करून गाडी पूर्वी जिथे बंद पडायची तिथून चार पावलं पुढे जाऊन बंद पडली. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, प्रोग्रेस आहे यार.”

मग त्याने विचारलं, “डिकीत काय आहे?”

डिकीत काय आहे हा प्रश्न आमच्या घरात कोणी कधी विचारला नव्हता. जुनं घर सोडताना आणि नव्या घरात येताना ज्या ज्या वस्तूला जागा मिळाली नाही ती ‘तात्पुरती’ डिकीत गेली होती. मी डिकी उघडली. वर जुनी चटई आणि तिच्याखाली गावच्या तांदळाची अर्धी गोण. नारळ, सोललेले आणि न सोललेले. तांब्याचं घंगाळ, त्यात अप्पांच्या कारखान्यातले पाने आणि एक लोखंडी ऐरण. विळी. आणि सगळ्याच्या तळाशी, गोणपाटात गुंडाळलेला, आईचा पाटा-वरवंटा.

मी तो उचलायला गेले आणि कमरेत उसण भरली. म्हणजे भाड्याच्या घराची तीन वर्षं आणि इथले काही आठवडे आम्ही एक दगडी पाटा अंधेरीभर फिरवत होतो. वर्सोव्याला मासळी आणायला तो येत होता, पुलावर तो येत होता, लग्नांना येत होता. आणि आम्ही म्हणत होतो, इंजिन लहान आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

मला इतकं हसू आलं की वॉचमन बघायला आला. आईला मात्र अजिबात हसू आलं नाही. “पाटो भायर टाकूचो नसता,” ती म्हणाली. हे मला ठाऊक होतं. माझ्या आणि भावाच्या पाचवीला तो पुजला होता, भावाच्या लग्नात हळद त्याच्यावर वाटली होती. मालवणी घरात माणूस एकवेळ परदेशी जातो, पाटा कुठे जात नाही. टॉवरच्या किचनमध्ये मात्र त्याला जागा नव्हती, कारण खाली बसायलाच जागा नाही. शेवटी तो व्हीलचेअरवर ठेवून लिफ्टने वर आणला आणि माझ्या पलंगाखाली सरकवला. ती व्हीलचेअर सोसायटीने ज्येष्ठ नागरिकांसाठी घेतली आहे. तिच्यावरून गेलेला आमच्या टॉवरमधला सर्वांत ज्येष्ठ तोच असावा. लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या, त्यांनी गोणपाटाकडे बघून हळूच विचारलं, “आजी का?”

डिकी रिकामी झाल्यावर गाडीची मागची बाजू चांगली बोटभर वर आली. पुलावर तिने प्रथमच एका रिक्षाला मागे टाकलं. अप्पांनी घरी येऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या. रॅम्पवर मात्र ती तिसऱ्या चढाच्या तोंडाशी येऊन पुन्हा गचके खायला लागली. नशिबाने दुपारची वेळ होती, मागे कोणी नव्हतं. आम्ही ती हळूच उतरवली आणि दिवसभर समोरच्या गल्लीत लावली. सेक्रेटरींना कळलं नाही.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं माझ्या रागामुळे. एरवी माझ्या रागाचा कोणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही. एका संध्याकाळी आईला डॉक्टरांकडून आणलं, तिला लॉबीत सोडलं आणि गाडी मी चालवत होते, अप्पा शेजारी. रॅम्पला लागलो तसा मागे एकाने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मी पहिल्या गिअरमध्ये होते. इंजिनाचा आवाज चढला आणि अप्पा नेहमीप्रमाणे म्हणाले, “दुसरो टाक गो, रडता ती.” पण माझं डोकं त्या हॉर्नने असं काही तापलं होतं की मी दुसरा टाकलाच नाही. उलट पाय दाबला. गाडी किंचाळली. मी आणखी दाबला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, गाडी कर्कश्श ओरडत तिसरा चढ चढून गेली आणि आमच्या खांबापुढे येऊन उभी राहिली. हॉर्नवाला मागे कुठेतरी राहिला होता.

मी आनंदाने अप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “जनावराक मारतंस तसा मारलंस तिका,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा मला उलगडा झाला. अप्पांनी आयुष्याची उमेदीची वर्षं साच्यांमध्ये काढली. तिथे इतका आवाज की माणसं खुणांनी बोलायची, पण त्या गदारोळात आपल्या एका साच्याचा सूर बदलला तर तो त्यांना कळायचा. सूर बदलला म्हणजे काहीतरी तुटतंय. धावत जायचं आणि त्याला आधी मोकळं करायचं. हा नियम त्यांनी गाडीलाही लावला होता. इंजिन जरा मोठ्याने बोललं की ती रडते म्हणून ते वरचा गिअर टाकत, आवाज खाली येई आणि त्यांना बरं वाटे. सपाट रस्त्यावर ते चाललं. पण लहान इंजिन चढावर जोर काढतं ते ओरडूनच, आणि अप्पा तिला ओरडू देत नव्हते. रॅम्पच्या मध्यावर दुसरा गिअर टाकून ते तिला आराम देत आणि ती त्यांच्या हातात मरत होती. गाडीचा खरा प्रॉब्लेम अप्पांचा तिच्यावरचा जीव होता.

आम्हालाही त्यांनी असंच वाढवलं. दहावीला मी गणितं सोडवताना रडले, तर त्यांनी माझा क्लासच बंद करून टाकला. मी काठावर पास झाले आणि ते पेढे घेऊन चाळभर फिरले. त्यांच्यावर रागवावं की त्यांचे पाय धरावेत हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आता त्यांना समजावणं आलं. मी सांगितलं, “अप्पा, ती रडत नाही. ती काम करते.” ते म्हणाले, “तुका काय म्हायत?” भावाने फोनवर आरपीएम समजावून सांगितले. अप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि फोन आईकडे दिला. शेवटी आईच बोलली. ती भांडी विसळत होती, वळलीही नाही. “तुमच्या गिरणीत सगळे साचे गप असत तर तुमी काय म्हणाला असतात?”

अप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “संप झालो म्हणालो असतंय.”

त्यानंतर गाडी समोरच्या गल्लीत ठेवून त्यांनी सराव सुरू केला. दुपारी, टॉवर झोपलेला असताना, ते खाली जायचे. मी ऑफिसात असायचे, पण वॉचमन मला बातमी द्यायचा. काका रॅम्पच्या तोंडाशी गाडी लावून बसतात, सुरू करतात, जागच्या जागी रेस करतात, ऐकतात आणि बंद करतात. चढत नाहीत. नुसते ऐकतात. तळमजल्यावरच्या एका बाईने त्यांच्या धुराची तक्रारसुद्धा केली.

शनिवारी रात्री जेवताना ते म्हणाले, “उद्या मी वर घेतलंय.” म्हणजे घेणार. रविवारी मासळी आणून, अकराच्या सुमाराला, सगळे जागे असताना. मी म्हटलं, दुपारी घेऊया की. ते म्हणाले, चोरून चढवायला ती काय चोरीची आहे?

भावाने एक शेवटचा सल्ला पाठवला होता की आईला लॉबीत उतरवा, तेवढंच वजन कमी. मी तो जमेल तितक्या गोड शब्दांत आईला सांगितला. आई म्हणाली, “पाटो काढलास, आता माका काढ. मी बसतलंय.” विषय संपला.

रविवारी मीही मागच्या सीटवर बसले. वर्सोव्याला आईने नेहमीच्या कोळणीशी नेहमीचं भांडण केलं. “काय गं, हे पापलेट कालचं दिसतंय.” “कालचं तुझ्या सासूने खाल्लंन गो बाय!” मग दोघी हसल्या आणि पापलेट पिशवीत आलं. परतताना मी मागे बसल्यामुळे मला एक गोष्ट दिसली, जी पूर्वी कधी दिसली नव्हती. आई पुढे बघत हळू आवाजात बोलत होती. डावीकडे रिक्षा. डावीकडे सायकलवालो. थांबा, म्हातारी असा. अप्पा दर वेळी पाय आवरून घेत होते, वळून बघत नव्हते; डावीकडचं त्यांना दिसतच नव्हतं, ते आई बघत होती. हे सगळं इतकं सरावाचं होतं की किती दिवस चाललंय ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणते.

टॉवरच्या फाटकात सेक्रेटरी उभे होते. रविवारचे ते तिथे असतातच, पाणीवाल्याशी बोलत. आमच्या गाडीकडे पाहून ते बोलायचे थांबले. अप्पांनी रॅम्पच्या तोंडाशी गाडी पूर्ण थांबवली, हँडब्रेक ओढला, काचा वर केल्या. पंखाही बंद केला. पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला.

गाडी ओरडली. मी आजवर तिचा असा आवाज ऐकला नव्हता, त्या संध्याकाळीही नाही, कारण तेव्हा मी रागात होते. बंद भिंतींत तो दुप्पट होऊन अंगावर आला. अप्पांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून निघत नव्हता, कारण सगळ्या आयुष्याची सवय त्याला सांगत होती की दुसरा टाक, सोडव तिला. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाला गाडी जरा बसल्यासारखी झाली आणि त्यांचा हात दांडा मागे ओढायला हललाच. आईने त्या हातावर आपला हात ठेवला. माशांच्या वासाचा, ओला. अप्पांनी पाय आणखी दाबला.

गाडी तिसरा चढ चढली. तशीच बोंबलत, धूर सोडत, सगळ्या पोडियमला ऐकू जाईल अशी. कोणीतरी खिडकीतून ‘झकास काका’ म्हणून ओरडलं. अप्पांनी ती आमच्या खांबाला समांतर, दोन्ही पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावली आणि किल्ली फिरवली. एकदम इतकी शांतता झाली की मला माझ्याच श्वासाचा आवाज आला. मी रडत होते. मला लाज वाटली नाही.

“जमलं की नाही!” मी मागून त्यांच्या खांद्याला धरून म्हटलं. “बघतेच आता सेक्रेटरी काय बोलतात ते. पुढच्या रविवारी…”

अप्पांनी किल्ली काढली. रुमालाने पुसली. मग मागे हात करून ती माझ्या ओंजळीत ठेवली.

“पुढच्या रविवारापासून तू.”

मला वाटलं, दमले. “अहो अप्पा, असं काय करता? एवढं सगळं केलं आपण, आणि चढली ना ती!”

“चढली म्हणानच देतंय,” ते म्हणाले, आणि दार उघडून, माशांची पिशवी उचलून लिफ्टकडे चालू लागले.